रांजणावरची रासना

भिवराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भरल्या विहिरीच्या काठावर तहानलेल्या बसल्या होत्या.

घाटनांदूरहून अंबाजोगाईकडे येणाऱ्या गाडीवाटेवर, गाव मागं पडल्यावर थोड्याच अंतरावर ती विहीर आहे. इंग्रजी एकोणीसशे अठराच्या शेवटी निजामाचं फसली साल तेराशे अठ्ठावीस नुकतंच लागलं होतं आणि मानमोडीची साथ ऐन भरात होती. ताप यायचा, मान धरायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस जायचं. मी मास्तर होतो तो अंबाजोगाईचा मदरसा, म्हणजे सरकारी शाळा, हुकमानं बंद होता. मी घाटनांदूरला बहिणीची खुशाली विचारून परत निघालो होतो. बैलांना पाणी दाखवायला गाडीवान तिथं थांबला.

विहिरीचं पाणी इतकं वर आलेलं की दोन पायऱ्या उतरून ओंजळीनं प्यावं. आणि काठावर चाळिशीची एक कुणबी बाई बसलेली. ओठ फुटलेले, त्यांवर पांढरी खपली. मांडीवर मातीनं मळलेलं फडकं, आणि फडक्यातून तीन जाड हिरवी पानं बाहेर आलेली. पानांची टोकं कुणी कुरतडल्यासारखी होती.

"बाई, पाणी काढून देऊ का?" मी विचारलं.

"नगं. घाटनांदूरची शीव कुठवर हाय तेवढं सांगा."

"त्या वडाच्या पल्याड शेंदराचा दगड हाय, तिथवर," गाडीवान म्हणाला. "कावून?"

"मंग तिथं पिते," असं म्हणून त्या उठल्या आणि उठता उठता तोल जाऊन पुन्हा खाली बसल्या.

आम्ही त्यांना गाडीत घेतलं. शेंदराच्या दगडापाशी त्या उतरल्या, दगड ओलांडून चार पावलं पुढं गेल्या आणि ओंजळ धरली. मी माझ्या तांब्यातलं पाणी ओतत राहिलो. तांब्या संपला. गाडीवानाच्या पाण्याच्या भोपळ्यातलंही निम्मं संपलं. मग त्यांनी ओले हात डोळ्यांवरून फिरवले, पण फडक्यातल्या रोपावर एक थेंब पडू दिला नाही. एवढं मला नीट आठवतं, कारण तेव्हा ते मला विचित्र वाटलं होतं. हिवरवाडीच्या फाट्यावर त्या उतरून गेल्या. नाव विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

पुढं सहा-सात महिन्यांनी माझ्या बायकोचा कान ठणकायला लागला. वैद्याचं तेल झालं, दवाखान्याचे थेंब झाले. शेजारणीनं सांगितलं, हिवरवाडीला आश्रुबाची बायको रासनेचा रस घालते, तिच्याकडे जा. हिवरवाडी आमच्यापासून दोन कोसांवर. जाऊन पाहतो तो विहिरीवरची तीच बाई.

रासना जमिनीत उगवत नाही. आंब्याच्या नाहीतर लिंबाच्या खोडाला धरून वाढते, जाड पांढरी मुळं सालीवर पसरवते आणि वाऱ्यातली ओल पिऊन जगते. काही शेतकरी तिला बांडगूळ समजून खरवडून टाकतात. पण ती झाडाचं काही खात नाही, नुसती बसते. आश्रुबांच्या बांधावरच्या आंब्याला तिचा मोठा झुबका होता. भिवराबाई पान निखाऱ्यावर धरायच्या, पिळून कोमट रस कानात सोडायच्या आणि मग बराच वेळ तळहात कानावर ठेवून बसायच्या. बायकोला दोन खेपांत आराम पडला. तो रसानं पडला की त्या हातानं, ते मला सांगता येणार नाही.

त्या पहिल्याच खेपेला मला घरात रांजणावर काहीतरी टांगलेलं दिसलं. सालीचा एक तुकडा, त्याला हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं रोप. पानं दोनच उरलेली, सुरकुतलेली. मूळ एकच.

"हे ते विहिरीवरचं?" मी विचारलं.

"त्येच. जगतंय का बघायचं."

"पाणी कमी पडतंय त्याला. पानं बघा कशी झालीत."

"मास्तर, तुमाला पोरं कळत्यात," त्या म्हणाल्या. "ह्ये न्हाई कळायचं. मुळं कमी अस्तील तवा ह्याला पाजायचं नस्तं. पाजलं का मरतं. पान्याच्या जवळ ठिवायचं, पान्यात न्हाई. रांजणाचा गारवा घेतंय त्ये. तेवढंच झेपतंय त्याला."

औषधाच्या निमित्तानं सुरू झालेलं माझं जाणं पुढं निमित्ताशिवाय चालू राहिलं. एका खेपेला शेंगा फोडता फोडता त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये कुठं रडल्या नाहीत. शेंगा फोडायचंही थांबवलं नाही.

तुळजा ही त्यांची एकुलती लेक, घाटनांदूरला त्रिंबककडे दिलेली. कानाचं औषध भिवराबाईंना त्यांच्या आईकडून आलं होतं आणि लेकीला ते त्यांच्याकडून जायचं होतं. म्हणून साथीच्या आधीच्या आषाढात त्या रासनेचं एक पिल्लू घेऊन लेकीकडे गेल्या. रासनेला खोडातून कधी कधी असं पिल्लू फुटतं. सहा मुळं झाली की काढता येतं. त्यांनी ते लेकीच्या अंगणातल्या लिंबाला बांधलं.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही रीत आमच्याकडे पुष्कळ घरांत आहे. भिवराबाईंच्या माहेरी ती शिवेपर्यंत ताणलेली होती. लेकीच्या गावच्या शिवेत पाण्याचा थेंबसुद्धा चालत नसे.

"पाच कोस चालत आलीस आन घोटभर पानी न्हाई? अशी कशी गं तू?" तुळजा चिडली होती.

"तुझ्या मांडीवर लेकरू येऊ दे. मंग पानी पिईन, जेवीन, चांगली आठ दिस पाय पसरून ऱ्हाईन. तूच म्हनशील, कवा जाती ही म्हातारी."

"मंग ह्येच माझं लेकरू धर." तुळजानं लिंबावरच्या रोपाकडे बोट केलं. "ह्याला फूल आलं का यायचं आन माझ्या घरचं पानी प्यायचं. बोल, कबूल?"

"बरं बाई, कबूल."

मायलेकी हसल्या आणि भिवराबाई कोरड्या घशानं शिवेपर्यंत चालत आल्या.

तुळजानं ते हसण्यावारी नेलं नव्हतं. मध्ये पावसानं ओढ दिली, पिल्लाची पानं जराशी मऊ पडली, आणि ती घाबरली. कुणब्याच्या पोरीला जे सुचेल तेच तिला सुचलं. मुळं बारीक आहेत, मोठी होईपर्यंत मातीत ठेवू, मग पुन्हा झाडावर बांधू. तिनं रोप सोडवून न्हाणीपाशी चांगल्या काळ्या मातीत लावलं, शेणखत घातलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. वर पानं हिरवी दिसत राहिली. आत मुळं सडत राहिली.

साथीत सांगावा आला तेव्हा भिवराबाई एकट्याच निघाल्या, कारण आश्रुबाही तापानं पडले होते. दुपारी पोचल्या. घरात तुळजाची सासू एका कोपऱ्यात आणि तुळजा दुसऱ्या कोपऱ्यात. त्रिंबक दोघींच्या मध्ये वेड्यासारखा फिरत होता. दिवस मावळायच्या सुमाराला तुळजाला थोडी शुद्ध आली. आईचे फुटलेले ओठ तिनं पाहिले. कोपरावर रेलून उशाच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला पुढं धरला.

"आई, पी."

"आन मी काय म्हनले ठावं हाय, मास्तर?" भिवराबाई शेंग हातात धरून म्हणाल्या. "म्हनले, फूल आलंय का? फूल आल्यावर पिईन. मला वाटलं, कायतरी बाकी ऱ्हाऊ द्यावं. बाकी असलं का मानूस थांबतं. तिला थांबायला निमित्त ठिवत व्हते मी."

तुळजानं पेला थोडा वेळ तसाच धरला. मग खाली ठेवला. पहाटे ती गेली. सतरा वर्षांची होती.

दुपारी सगळं उरकल्यावर भिवराबाई न्हाणीपाशी गेल्या आणि त्यांना ते रोप मातीत दिसलं. लिंबावर का नाही, हे तोवर विचारायला कुणाला सवड नव्हती. उपटलं तर पाच मुळं हातात गळून आली. सहावं पांढरं होतं.

घरी आणून त्यांनी सडका भाग वेळूच्या कामटीनं कापला, जखमांवर हळद आणि चुलीची राख लावली, दोन दिवस सावलीत तसंच कोरडं ठेवलं. मग आंब्याच्या सालीला तुळजाच्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून रांजणावर टांगलं. फूल यायचं बाकी होतं. ते आलं की त्यांना घाटनांदूरला जायचं होतं, त्या घरात पाणी प्यायला. तेवढं एकच काम त्यांच्यापुढं उरलं होतं.

मला वाटलं होतं, रोप महिनाभरात जाईल. पानं कातड्यासारखी झाली होती. पण वर्षभरानं एके दिवशी मी दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच त्या म्हणाल्या, "चपला काढा आन इकडं या. हात लावू नगा." खोडाच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब आला होता. पान असेल असं मला वाटलं. "पान न्हाई. मूळ." पुढं दर खेपेला मी खिशातून मदरशातली पट्टी नेऊन तो मोजू लागलो. त्या उभ्या राहून पाहत. त्यांना आकडा कळत नव्हता, पण मी बोटानं अंतर दाखवलं की पुन्हा पुन्हा तेवढंच अंतर आपल्या बोटांत धरून बघत.

फसली तेराशे तीसला पाऊस झालाच नाही. पुढच्या चैत्रापर्यंत हिवरवाडीच्या विहिरी आटल्या. बायका नदीच्या वाळूत झिरा खणून वाटी वाटीनं घागर भरायच्या. एका घागरीला अर्धा दिवस जायचा. सगळ्यांचे रांजण पालथे पडले. भिवराबाईंच्या रांजणात मात्र तळाशी वीतभर पाणी कायम असे. त्यातलं त्या पीत नसत, कुणाला पिऊ देत नसत. शेजारच्या बायनाबाईनं ते पाहिलं आणि झिऱ्यावर सगळ्या बायकांच्या देखत बोलली.

"भिवरे, मानसं तहानली तर तहानू दे गं. तुझा पाला-पाचोळा गारव्यात ऱ्हायला पायजे!"

"माझ्या वाट्याचं हाय, बायना. तुझ्या घागरीतलं घेतलंय का?"

"वाट्याचं हाय म्हनं. स्वताच्या लेकीच्या हातचं नगं झालं, आन झाडाला रांजण!"

ही गोष्ट मला आश्रुबांनी सांगितली. त्या दिवसापासून त्या दोघी बोलत नव्हत्या. बायनाबाईनं मागाहून दोनदा भाकरी पाठवली, ती भिवराबाईंनी गाईला घातली.

आश्रुबा कमी बोलणारे गृहस्थ. त्या उन्हाळ्यात अंधार असतानाच झिऱ्यावर जाऊन ते एक जास्तीची घागर आणत आणि रांजणात ओतत. बायकोला त्याबद्दल काही म्हणत नसत. एकदा मला फाट्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा वाटेत थांबले.

"मास्तर, त्ये झाड गेलं तर ही जाईल."

मी म्हणालो, "जाणार नाही. चार मुळं झालीत आता."

"त्येबी ठीक. पर फूल आलं तर?" त्यांनी मुंडाशाचं टोक काढून तोंड पुसलं. "आलं तर पुढं काय करंल ही, त्याचीबी भीती हाय मला. म्हनून घागर आनतो आन देवाला सांगतो, सावकाश होऊ दे."

सावकाशच झालं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. दसऱ्यानंतर त्यांनी रोप रांजणावरून काढून दारच्या लिंबाला बांधलं. आता ते स्वतःच्या मुळांनी सालीला धरून होतं. चिंधी कुजून गळून पडली, ती त्यांनी जपून ठेवली. फसली तेराशे तेहतीसच्या वैशाखात एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी भिवराबाई मदरशाच्या फाटकाशी उभ्या दिसल्या. दोन कोस उन्हात चालत आल्या होत्या.

"आलं," त्या म्हणाल्या. मी समजलो.

"शिवेवर तुमी पानी पाजलं व्हतं. आता तुमीच चला."

मी एका दिवसाची रुखसत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी हिवरवाडीला गेलो तेव्हा मी ते फूल पाहिलं. एका दांड्यावर सहा फुलं. पाकळ्या राखट पिवळ्या, त्यांवर तपकिरी जाळी, मधली जीभ जांभळी. वास मंद आणि गोड. भिवराबाईंनी दांडा कापला नाही. सहांतलं एक फूल खुडलं आणि पळसाच्या पानात घेतलं. आश्रुबा आले नाहीत. लिंबाखाली बसून राहिले. म्हणाले, "जाऊन या. मी हाय हितं."

आम्ही दोघं गाडीनं निघालो. शेंदराच्या दगडापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, सवयीनं पाणी मागतील. त्यांनी नुसता दगड पाहिला आणि म्हणाल्या, "चला."

त्रिंबकनं दुसरं लग्न केलं होतं. साखराबाई पदर सावरत बाहेर आली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती आणि गळ्यात पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक होता. दुसरेपणावर आलेली बाई तो घालते, आणि पहिलीच्या माहेराला आपलं माहेर मानते. तिनं वाकून पाया पडून म्हटलं, "आई, लई दिसांनी आलात. येत जा की."

भिवराबाईंनी टाक बोटानं सरळ केला. "बरी हायस न्हवं?" म्हणाल्या. मग आत जाऊन ज्या कोपऱ्यात तुळजाचं अंथरूण होतं तिथं बसल्या आणि पळसाचं पान समोर ठेवलं.

"साखरा, पानी दे गं मला."

साखराबाई चकित झाली, पण चटकन उठून तांब्या-भांडं घेऊन आली. तेवढ्यात दारात उभा असलेला त्रिंबक पहिल्यांदा बोलला.

"त्यात न्हाई. थांब." त्यानं वरच्या फळीवरून एक पितळेचा पेला काढला. घासूनपुसून ठेवलेला होता. "मामी, त्यो ह्यो हाय."

म्हणजे त्या संध्याकाळी त्यानंही पाहिलं होतं. साडेपाच वर्षं त्यानं तो पेला कुणाला वापरू दिला नव्हता, आणि सासूलाही त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

साखराबाईनं पेला भरून दिला. भिवराबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात संपवला. आम्ही सगळे पाहत होतो. मी काय अपेक्षा करत होतो कुणास ठाऊक. काहीतरी हलकं होईल, असं वाटत असावं. त्यांनी पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि रिकाम्या पेल्यात बघत बसल्या.

"आनखी देऊ, आई?" साखराबाईनं विचारलं.

"नगं. गार हाय पानी." त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला. "तुझ्याकडं काई कमी न्हाई, पोरी. तू मनाला लावून घिऊ नगं."

जेवून जा म्हणून दोघांनी खूप आग्रह केला. त्या थांबल्या नाहीत. परतताना बैल सावकाश चालले होते. वडापाशी आल्यावर त्या अचानक बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"एका हातानं पेलवंना तिला. सांडंल म्हनून दुसरा हात लावला पेल्याला. अंगात तेवढंच बळ ऱ्हायलं व्हतं, त्ये तिनं माझ्या पान्याला लावलं. आन मी म्हनले, फूल आल्यावर." मग म्हणाल्या, "नुसतं पानीच तर व्हतं, मास्तर."

शीव आली. मी तांब्या पुढं केला. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

घरी पोचलो तेव्हा आश्रुबा लिंबाखाली तसेच बसलेले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, उठले, आणि रांजणातून तांब्या भरून आणून तिच्या पुढं धरला. त्यांच्या हातचं पाणी पिताना मात्र भिवराबाईंना रडू फुटलं. तांब्या हातातून सुटला. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढं एकदाच.

आश्रुबांची भीती खरी ठरली नाही, किंवा निम्मी ठरली. भिवराबाई जगल्या. पण रासनेकडे बघण्याची त्यांची ओढ गेली. फुलं येत, गळून जात, त्या मोजत नसत. आश्रुबा तेराशे त्रेचाळीसला वारले. त्यांना शेवटचे पाच-सहा दिवस पाणी भिवराबाईंनीच पाजलं, चमच्यानं, मागतील तेव्हा. त्या दिवसांत बायनाबाई रोज येऊन दाराशी बसायची. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

भिवराबाई आता साठी ओलांडून गेल्या आहेत आणि हिवरवाडीलाच राहतात. कानाचं औषध अजून देतात, पण पानं बांधावरच्या जुन्या आंब्यावरची काढतात. दारच्या लिंबावरच्या रोपाचं पान त्या तोडत नाहीत. वर्षातून एकदा साखराबाईकडे जातात, चार दिवस राहतात, जेवतात, पाणी पितात. अलीकडे त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून भेटायला गेलो की मी उजव्या बाजूला बसतो.